अंगठ्याशिवायची कोल्हापुरी : शुगर असलेल्या वडिलांसाठी चप्पल निवडण्याचं एक प्रकरण

बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, उचगावच्या पुढचं गाव. घरातले वडील ६८ वर्षांचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून नोकरी झाली, आता दीड एकर भाताची जमीन स्वतः बघतात. शुगर ११ वर्षांपासून, गोळ्या चालू. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी निपाणीला दिलेली. दोघांनी मिळून ६,००० रुपये बाजूला काढले होते आणि आप्पांना या वर्षी काहीतरी मनापासून द्यायचं ठरवलं होतं.

बेळगावात भेट म्हटली की हात आधी कुंद्याच्या डब्याकडे जातो, गोकाकहून येणारं कोणी असेल तर करदंटाकडे. शुगरवाल्या माणसापुढे या दोन्ही मिठाया ठेवणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. शाल आप्पांकडे पाच होत्या, सगळ्या सत्कारात मिळालेल्या आणि पिशवीतून न काढलेल्या. मनगटी घड्याळ ते बांधत नाहीत. मुलाला शेवटी सुचली कोल्हापुरी चप्पल, कारण आप्पांच्या पायात जन्मभर तीच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलेच सँडल दिसले आणि मोठा वाद झाला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते होतंच. बहिणीलाही पटलं. सासरच्या गावातच कारागीर होते.

विचार चांगला होता. तसाच अमलात आला असता तर त्यातून आप्पांच्या पायाला जखम होण्याची शक्यता बरीच होती.

आईने सांगितलेली गोष्ट

वडिलांसाठी वस्तू निवडताना त्यांना विचारून उत्तर मिळत नाही. “मला काय करायचंय? आहे ते बास” एवढंच येतं. माहिती आईकडे असते, पण तिलाही “आप्पांना काय आवडेल?” असं विचारलं तर ती “काहीही आण” म्हणते. प्रश्न वापराचे असावे लागतात. कोणती वस्तू ते तारेने बांधून, दोरा घालून चालवतात? कशाची कुरकुर रोज असते? कोणतं काम त्यांनी हल्ली गुपचूप सोडलं?

मुलीने आठवडाभर रोज फोनवर असंच विचारलं. तिसऱ्या दिवशी आई सहज बोलून गेली, की परवा आप्पा शेतातून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी बांधावर निसटली होती. घराच्या पायरीवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आई हसत होती. अंगठ्याखाली ते जुन्या धोतराच्या कापडाची घडी घालतात, हेही तिने त्याच ओघात सांगितलं.

चप्पल पायातून गेली आणि कळलं नाही, हा विसराळूपणा नव्हे. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या टोकाकडच्या नसा आधी बधिर होतात. बोटं, चवडा, मग हळूहळू वर. तळव्याला काय लागतंय हे कळेनासं होतं. खडा रुतला, फोड आला, चटका बसला, तरी दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. कापडाची घडीही तेच सांगत होती. तिथे घट्टा पडला होता.

म्हणून चप्पल घेण्याआधी पाय तपासायचं ठरलं. तपासणी सोपी असते. नायलॉनचा एक जाड धागा असतो, तो तळव्यावर उभा टेकवून वाकेपर्यंत दाबतात. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. माणसाने डोळे मिटायचे आणि लागलं की “लागलं” म्हणायचं. घट्ट्यावर धागा टेकवत नाहीत, तिथली कातडी जाड असल्याने उत्तर चुकीचं येतं. आप्पांना उजव्या पायाच्या तीन ठिकाणी आणि डाव्याच्या दोन ठिकाणी धागा कळला नाही. अंगठ्याचं टोक आणि अंगठ्याच्या मुळाशी चवड्यावरची जागा दोन्ही पायांत होती. पायाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, जखम नव्हती, बोटं वाकडी झालेली नव्हती. हे तिन्ही महत्त्वाचं. यातलं एकही बिघडलेलं असतं तर काम बाजारातल्या कारागिराचं राहिलं नसतं. मग पायाचा साचा घेऊन पादत्राण करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावं लागतं.

कोल्हापुरी का चालत नाही

कोल्हापुरीत वाईट काही नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, म्हशीच्या कातड्याचा तळ, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण. निरोगी पायाला ती आठ-दहा दिवस चावते आणि मग पायाचा आकार घेते. अडचण रचनेत आहे. मागे पट्टा नसल्याने ती पायात राहते ती अंगठ्याच्या वळ्यामुळे आणि आडव्या पट्ट्यामुळे. म्हणजे प्रत्येक पावलाला अंगठ्याने ती धरून ठेवायची. बधिर अंगठा एकतर धरतच नाही, तेव्हा ती बांधावर राहते. किंवा वाजवीपेक्षा जास्त धरतो, आणि वळं अंगठ्याच्या मुळाशी घासत राहतं. धागा कळला नाही ती जागा नेमकी हीच.

दुसरी अडचण तळाची. झाडाच्या सालीत कमावलेलं तळाचं कातडं टणक असतं, तोच त्याचा टिकाऊपणा. चवड्यावर येणारा भार ते पसरवत नाही. ज्याला टोचणं कळतं तो नकळत पाय जरा सरकवतो, भार दुसरीकडे घेतो. ज्याला कळत नाही त्याचा भार दिवसभर एकाच जागी.

तिसरी अडचण पावसाची. हा मुहूर्ताचा प्रश्न होता आणि तो सगळ्यांच्याच लक्षात येतो असं नाही. मुलाने आधी फादर्स डे धरला होता. तो जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो. तोवर मिरग लागून आठवडा-दोन आठवडे होतात आणि पश्चिम भागात धूळवाफ पेरलेलं भात वर आलेलं असतं. चिखलाच्या तोंडावर चामड्याचा तळ भेट देणं म्हणजे वस्तू दसऱ्यापर्यंत माळ्यावर टाकणं. भिजली की थर फुगतात, शिवण सैल पडते, आत बुरशी धरते. आणि घाईने उन्हात वाळवली तर कातडं तडकतं.

मग दोन वाटा राहत होत्या. पहिली, दुकानातली तयार एमसीआर चप्पल, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा आतला तळ असलेली. औषधाच्या दृष्टीने ती बरोबर. पण आप्पांनी ती तालुक्याच्या दवाखान्याबाहेर पाहिली होती आणि त्यांच्या लेखी ती ‘दवाखान्यातली चप्पल’. घरात घालतील, पण ग्रामपंचायतीत, लग्नात, हरिनामाच्या सप्ताहात नाही. आणि जिथे घालणार नाहीत तिथे ते जुनी कोल्हापुरीच घालणार. वडिलांना आजाराची वस्तू भेट म्हणून दिली की ती बहुधा अशीच पडून राहते, कारण ती बघितली की आजार आठवतो. दुसरी वाट, आवडीची वस्तू आजाराला झेपेल अशी करून घेणं. खर्च जास्त, खटपट बरीच. दोघांनी ती निवडली.

अथणी की निपाणी

जिल्ह्यातच दोन्ही ठिकाणी चपलांचे कारागीर आहेत. “बेळगाव जिल्ह्यात केलेली कोल्हापुरी डुप्लिकेट” असं अजूनही कानावर येतं, ते खरं नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीचं काम नावाजलेलं. पण या प्रकरणात नावापेक्षा एक गोष्ट मोठी होती: कच्ची शिवण झाल्यावर पायात घालून बघणं आणि परत बदलून घेणं. बधिर पायाच्या माणसाला पहिल्या फेरीत बरोबर बसणारी चप्पल क्वचित मिळते. लेक निपाणीत, आप्पा बसने तिच्याकडे दोनदा जाऊ शकतात. अथणी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निपाणी ठरली.

मापाची चूक

बापाचे जोडे मुलाच्या पायाला आले की त्याला मित्रासारखं वागवावं, असं म्हणतात. आप्पा आणि मुलगा दोघांचा नंबर आठ. त्यामुळे मुलाने पुण्यात बसूनच ठरवलं, की माप स्वतःच्या पायाचं द्यावं, म्हणजे भेट गुपित राहील. बहिणीने हट्ट धरला आणि आप्पांचा पाय मोजला म्हणून बरं झालं.

नंबर ही फक्त लांबी असते. आपल्याकडच्या नंबरात एका आकड्याचा फरक म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, साधारण साडेआठ मि.मी. रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही. बापलेकांची लांबी सारखीच भरली, २६.४ सें.मी. चवड्याची रुंदी मुलाची ९.८ आणि आप्पांची १०.७. हा नऊ मि.मी.चा फरक करंगळीच्या बाजूने बाहेर लोंबला असता, किंवा पट्ट्याखाली दाबला गेला असता. वयाबरोबर आणि अनवाणी शेतकामाने पाऊल पसरतं. तीस वर्षांपूर्वीचा नंबर सांगणारे वडील लांबीत फारसे चुकत नाहीत, रुंदीत हमखास चुकतात.

माप असं घेतलं. संध्याकाळी पाचनंतर, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी आवळते. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून फरशीवर चिकटवलं, सारवलेल्या जमिनीवर नव्हे, तिथे कागद दबतो. आप्पा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे. बसून घेतलेलं माप लांबीत आणि रुंदीत कमी भरतं. पेन्सिल कागदाला काटकोनात धरायची. आत कलली की पायाखाली जाते आणि रेघ पाच-सहा मि.मी. आत येते. घरी घेतलेली मापं बिघडतात ती बहुतेक याच एका कारणाने. दोन्ही पायांचे कागद वेगळे. रेघेवर चवड्याची सर्वांत रुंद जागा दोन्ही बाजूंनी खुणेने दाखवली, अंगठ्याच्या मुळाचं हाड कुठे येतं तिथे फुली मारली. मग शिंप्याच्या टेपने चवड्याचा घेर आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर घेतला, टेप न आवळता.

उजवा पाय डाव्यापेक्षा तीन मि.मी. लांब निघाला. दोन पाय सारखे नसणं नेहमीचंच. मोठ्या पायावर तळ कापायचा आणि लहान पायाचा फरक पट्ट्यात काढायचा.

कारागिराचं घर मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं, शिवणाऱ्या मुलाचं लिहिणं-वाचणं कन्नडमधून झालेलं. म्हणून चिठ्ठी मराठीत लिहिली तरी आकडे देवनागरीत न लिहिता रोजच्या इंग्रजी अंकांत लिहिले आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘सें.मी.’ किंवा ‘मि.मी.’ घातलं. सीमाभागात कामाची चिठ्ठी देताना हे करावंच, इंच आणि सेंटिमीटरचा घोळ त्याने टळतो. चिठ्ठीतला मजकूर हा:

“तळाची आतली लांबी 27.6 सें.मी. (पाय 26.4 सें.मी., पुढे मोकळी जागा 1.2 सें.मी.). चवड्याला तळाची रुंदी 11.2 सें.मी. आतला तळ एमसीआर, जाडी 12 मि.मी., वर कातडं लावायचं नाही. खालचा तळ घट्ट रबराचा. अंगठ्याचं वळं नाही. पुढे एक रुंद पट्टा, मध्ये एक, टाचेमागे एक. तिन्ही उघडबंद होणारे. पट्ट्याला आतून शेळीचं मऊ कातडं. कुठेही खिळा, चूक (बारीक खिळा) मारायची नाही. फुलीच्या जागेवर शिवण नको.”

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे आणि कारागिराने ते विचारलंही. बोटांपुढे एक ते सव्वा सें.मी. जागा हवी, कारण चालताना पाय पुढे सरकतो आणि नखं कडेवर आदळतात. एमसीआरवर कातडं लावलं की घामाने ते कडक होतं, कडा उचलतात, मऊ तळाचा उपयोगच जातो. टाचेमागचा पट्टा चप्पल धरून ठेवतो, म्हणजे बोटांना धरावं लागत नाही. आणि खिळा: टाचेचे थर पक्के करायला बारीक चुका मारण्याची सवय हाताला असते. नव्या चपलेत त्या दिसत नाहीत. रबर दबत गेलं की सहा महिन्यांनी टोक वर येतं, आणि बधिर टाचेला ते कळत नाही.

कोल्हापुरी दिसायची कशी

नुसती चिठ्ठी पाळली असती तर सुबक अशी दवाखान्यातलीच चप्पल झाली असती. बाकीचं काम कारागिराचं. मधल्या पट्ट्यावर त्याने चामड्याची वेणी घातली, पण फक्त वरच्या अंगाने. वेणीचे पीळ आत उमटू नयेत म्हणून खाली दीड मि.मी.चं कातडं सलग ठेवलं. एमसीआरच्या काळ्या कडेभोवती बदामी रंगाच्या कातड्याची पट्टी रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) तासून अशी बसवली, की बाजूने बघणाऱ्याला चामड्याचे थरच वाटावेत. पुढच्या पट्ट्यावर लाल गोंडा. करकर मात्र गेली. एमसीआर आवाज करत नाही, आणि करकर वाजणारी चप्पल ऐकूनच गल्लीला आप्पा आल्याचं कळायचं, ही उणीव कशानेही भरून निघाली नाही.

पट्टे बंद करायला बक्कल की वेल्क्रो, यावर थोडा खल झाला. बक्कल शोभतं. पण आप्पांची बोटं सकाळी आखडलेली असतात, बारीक छिद्रात बक्कलची सुई घालायला वाकून वेळ लागतो, आणि वैताग आला की माणूस टाचेमागचा पट्टा पायाखाली चेपून तशीच चप्पल ओढत चालतो. वेल्क्रो ठरला आणि त्यावर झाकण म्हणून कातड्याची जीभ. त्यात चिखल आणि गवत अडकतं, ते दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावं लागतं.

पहिल्यांदा घालून बघितल्यावर अर्धा तास अंगणात फिरवलं आणि पाय पाहिले. उजव्या करंगळीच्या मुळाशी लाल पट्टा उठला होता. असा लाल रंग चप्पल काढल्यावर वीस-तीस मिनिटांत मावळला तर ठीक. इथे पाऊण तास टिकला. आप्पांना विचारलं तर “काय लागत नाही” हेच उत्तर, आणि ते खरंही होतं. बधिर पायाच्या माणसाला ‘लागतंय का’ हा प्रश्नच विचारू नये, पाय बघावा. पुढच्या पट्ट्याचं टोक तळात शिरतं ती जागा सहा मि.मी. मागे घेतल्यावर दुसऱ्या फेरीला डाग उठला नाही. सोल्युशन, म्हणजे तळ चिकटवायचा डिंक, पूर्ण सुकायला आणखी एक दिवस दिला. घाईने घालायला दिलेला जोड कडेने सुटतो तो बहुधा याच दिवसाच्या बचतीमुळे.

वळं नसलेली चप्पल बघून आप्पांचं पहिलं वाक्य होतं, “अंगठ्याबिगर कसली कोल्हापुरी रे ती?” कारागिराने परस्पर उत्तर दिलं, की आप्पा, ही निपाणीची. तेवढ्यावर भागलं.

उंबऱ्याचा प्रश्न

इथपर्यंत सगळं बरोबर झालं तरी अर्धंच झालं होतं. आपल्या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर राहते. दिवसाचे पंधरा-सोळा तास आप्पा घरात, अंगणात, गोठ्यात अनवाणी असतात, आणि डॉक्टरांनी अनवाणी चालायला घरातही मनाई केली होती. उत्तम चप्पल दाराबाहेर आणि बधिर पाय फरशीवर, असा तो देखावा. त्यावर एकच उपाय असतो: घरातला जोड वेगळा, तो कधीही बाहेर जाणार नाही, आणि हे देवघर सांभाळणाऱ्या आईने मान्य केलेलं असलं पाहिजे. इथे तिने स्वयंपाकघराच्या आणि देवाच्या खोलीच्या दारात छोटं पायपुसणं टाकलं. त्यापुढे चप्पल नाही, बाकी घरभर चालेल. तयार मिळणारी साधी एमसीआर चप्पल या कामाला पुरते. गावातलं कोणी ती बघत नाही.

शेतासाठी गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. भाताच्या चिखलात अनवाणी उतरायची जन्माची सवय असते, पण बधिर पायाला चिखलातली काच, काटा, खेकड्याचा चिमटा काहीच कळत नाही. बूट नऊ नंबरचे घेतले, आत सुती मोजे बसावेत म्हणून. मोजे पांढरे, कारण रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो, आणि वरचं इलॅस्टिक सैल. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा.

हिशेब असा झाला: तपासणी ३०० रुपये, निपाणीचा जोड २,४००, घरातला ६५०, रबरी बूट ५५०, चार जोडी मोजे ३२०, तळवा बघायला लांब दांड्याचा आरसा १२०. एकूण ४,३४०. उरलेले १,६६० वाटून घेतले नाहीत, ते आतला तळ बदलण्यासाठी आईकडे ठेवले.

द्यायचा दिवस

आप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्या पिढीत निम्म्या गावाची तीच असते, गुरुजींनी नाव घालताना टाकलेली. खरी तारीख कोणालाच माहीत नाही, त्यामुळे वाढदिवस कधी झालाच नव्हता. मुलांनी फादर्स डे सोडून हीच तारीख पकडली. मिरगाआधी आठवडाभर, म्हणजे चामड्याचे पट्टे पायाला सरावायला कोरडे दिवस मिळतात आणि बूट पेरणीनंतरच्या पहिल्या चिखलाला हाताशी असतात.

चप्पल भेट देऊ नये, माणूस दूर जातो, असं घरात मानतात. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आप्पांकडून ११ रुपये घेतले, चप्पल विकत दिली असं ठरलं, आजीचंही समाधान झालं. “कशाला एवढा खर्च करालास?” हेही झालं. किंमत सांगायची नाही असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. ती कळली की वस्तू ‘लग्नाकार्याला’ म्हणून ट्रंकेत जाते. त्याच संध्याकाळी अर्धा तास घालायला लावली. दुसऱ्या दिवशी तास, मग दीड तास, रोज काढल्यावर आरशात तळवे बघायचे. दहाव्या दिवशी पूर्ण दिवस.

जुनी कोल्हापुरी फेकली नाही. ती फेकली की नव्या चपलेवर राग निघतो. ती तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि आप्पांना ती कुठे आहे हे सांगून ठेवलं.

नंतर काय बिघडलं

तेल. कोल्हापुरीला एरंडेल किंवा खोबरेल चोपडायचं हा आप्पांचा आठवड्याचा नेम. नव्या जोडालाही त्यांनी रात्री सढळ हाताने, तळापर्यंत तेल लावलं. चामड्याला तेल चालतं. रबर तेलाने फुगतं आणि सोल्युशन सुटतं. डाव्या चपलेच्या आतल्या बाजूची कडा महिन्याभरात उचलली. निपाणीला नेऊन ती घासून परत चिकटवली. आता फडक्यावर तीन-चार थेंब घेऊन फक्त पट्ट्यांना, वरून, असं ठरलंय. ही सूचना चप्पल देतानाच द्यायला हवी होती; तेलाची सवय माहीत असूनही ती कोणाच्या डोक्यात आली नाही.

जुलैमध्ये एका लग्नाला जाताना आप्पांनी माळ्यावरची जुनी काढली. तीन तास घातली. घरी आल्यावर आईने आरसा धरला: अंगठ्याच्या मुळाशी पैशाएवढा लाल डाग, फोड नाही. दुसऱ्या दिवशी मावळला. यावर कोणी व्याख्यान दिलं नाही. मुलीने फक्त त्या डागाचा फोटो काढून आप्पांच्याच फोनमध्ये ठेवला, कारण तळव्यावरचा डाग त्यांना स्वतःला कधी दिसलाच नव्हता.

एमसीआर वापराने दबतं. सहा महिन्यांनी, दिवाळीनंतर, कारागिराने पट्टीने मोजलं तेव्हा टाचेखाली १२ मि.मी.चं १० झालं होतं, उजव्या चवड्याखाली ८. तिथे अंगठ्याने दाबून पाहिलं तर ते परत वर येत नव्हतं. उजव्याचा आतला तळ बदलला, आणि नियम म्हणून डाव्याचाही, नाहीतर दोन पायांची उंची वेगळी पडते. पायांचे कागद त्याच्याकडेच आहेत, मागे तारीख घातलेली. पुढची तारीख जूनची, कारण तळ बदलण्याआधी धाग्याची तपासणी पुन्हा करायची आहे.